घटक ४ : पहिले चर्चासत्र – पूर्वतयारी, सहभाग आणि पाठपुरावा

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला संमेलन, परिषद, चर्चासत्र आणि कार्यशाळा यांतील फरक सांगता येईल. आपल्या आटोक्यातील विषय निवडून त्याचा गोषवारा लिहिता येईल. ठरलेल्या वेळेत वाचून होईल असा निबंध सिद्ध करता येईल. आणि चर्चासत्राहून परतल्यावर कोणती कामे उरतात हेही समजेल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, नियमित महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला विभागाच्या फलकावर चर्चासत्राचे पत्रक दिसते. त्याचे प्राध्यापक त्याला म्हणतात, ‘तूही चल.’ तुम्हांला असे म्हणणारे सहसा कोणी नसते. तुमच्यापैकी कोणी सहकारी पतसंस्थेत काम करते, कोणी अंगणवाडी सांभाळते, कोणाची शेती आहे, कोणाची मुले दहावीला आहेत. रविवारच्या संपर्कसत्राला पोहोचणे हीच मुळात कसरत असते. अशा स्थितीत ‘चर्चासत्र हे प्राध्यापकांचे काम, आपले नव्हे’ अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. ही समजूत चुकीची का आहे, हे प्रथम पाहू.

विद्वानांच्या सभेत कोणाला जागा असते, हा प्रश्न मराठीत जुना आहे. १८७८ साली न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली. पुढे १८८५ साली अशीच सभा भरली, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी निमंत्रण मिळूनही येण्याचे नाकारले. ज्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या हिताला स्थान नाही त्या ग्रंथकारांत आपण का मिसळावे, अशा आशयाचे पत्र त्यांनी रानडे यांना पाठवले. १९५८ साली मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. औपचारिक शालेय शिक्षण जवळजवळ न लाभलेला लेखक संमेलनाचे उद्घाटक म्हणून उभा होता, ही गोष्ट लक्षात ठेवावी. व्यासपीठ एखाद्याचे आहे की नाही हे पदवीवरून ठरत नाही. तो तेथे काय घेऊन येतो यावरून ठरते. तुम्ही काय घेऊन येऊ शकता, याचा विचार ४.३.२ मध्ये केला आहे.

४.३ विषयविवेचन

४.३.१ कोणत्या सभेला जावे?

साहित्य संमेलन हा उत्सव असतो. तेथे ऐकावे, पुस्तके घ्यावीत, लेखकांना पाहावे. पण तेथे तुमच्या अभ्यासाची तपासणी होत नाही. कार्यशाळेत एखादे कौशल्य शिकवले जाते, उदाहरणार्थ शब्दकोशासाठी नोंद कशी तयार करावी किंवा बोलीचे ध्वनिमुद्रण कसे करावे. चर्चासत्रात एका ठरलेल्या विषयावर निबंध वाचले जातात आणि त्यांवर प्रश्नोत्तरे होतात. परिषद ही बहुधा एखाद्या विद्याशाखेतील अभ्यासकांच्या कायम संघटनेची असते. अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन १९१९ साली पुण्यात रा. गो. भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली झाले. लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडिया ही भाषावैज्ञानिकांची संघटना १९२८ साली लाहोर येथे स्थापन झाली आणि पुढे तिचे कार्यालय पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात आले. अशा परिषदांना देशभरातून अभ्यासक येतात, अनेक सत्रे एकाच वेळी चालतात आणि नवख्या माणसाला तेथे हरवल्यासारखे होते.

म्हणून पहिल्या वेळी आपल्या जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाचे एक किंवा दोन दिवसांचे चर्चासत्र निवडावे. त्यातही शक्य असल्यास पहिल्यांदा निबंध न वाचता केवळ श्रोता म्हणून जावे. श्रोत्याच्या खुर्चीवरून सभेची रीत समजते : कोण किती वेळ बोलतो, सत्राध्यक्ष घंटा कधी वाजवतात, कोणते प्रश्न विचारले जातात आणि कोणत्या प्रश्नांना सभागृह कंटाळते. दुसऱ्या वेळी निबंध घेऊन जावे.

नोंदणी करण्यापूर्वी पत्रक नीट वाचा. नोंदणीशुल्कात भोजन आणि निवास अंतर्भूत आहे का, विद्यार्थ्यांना सवलत आहे का, गोषवारा पाठवण्याची अंतिम तारीख कोणती, हे समन्वयकांना दूरध्वनी करून विचारावे. यात संकोचण्यासारखे काही नाही. समन्वयक हे विचारले जाण्यासाठीच नेमलेले असतात. ज्या पत्रकात पंधरा-वीस विद्याशाखा एकत्र कोंबलेल्या असतात आणि निबंधाच्या दर्जाविषयी अवाक्षर नसून शुल्काविषयी मात्र सविस्तर तपशील असतो, त्या पत्रकापासून दूर राहावे. तेथे प्रमाणपत्र निश्चित मिळते. त्यापलीकडे काही मिळण्याची शक्यता कमी.

४.३.२ विषयाची निवड

‘मराठीच्या बोली : एक अभ्यास’ हा दहा मिनिटांच्या निबंधाचा विषय होऊ शकत नाही. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीला दिलेला आहे. तो १९०५ साली प्रसिद्ध झाला. डॉ. अ. मा. घाटगे यांनी कुडाळी या एका बोलीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. अलीकडे डेक्कन महाविद्यालयाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले, त्यासाठी प्रशिक्षित अभ्यासकांचे गट गावोगाव फिरले. जे काम अशा रीतीने खंडांत आणि वर्षांत मोजले जाते ते तुम्ही दहा मिनिटांत उरकू पाहिले, तर तुमच्या हाती फक्त इतरांच्या पुस्तकांतील उतारे उरतील.

आता याच विषयाचा लहान तुकडा घेऊ. कोल्हापूर परिसरात अनेक मुली आणि स्त्रिया ‘मी येते’ऐवजी ‘मी येतो’, ‘मी जाते’ऐवजी ‘मी जातो’ असे सहज म्हणतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला त्यात गंमत वाटते आणि तो तेथेच थांबतो. अभ्यासकाने थांबता कामा नये. ‘येतो’ हे येथे पुल्लिंगी रूप मानायचे की प्रथमपुरुषाचे लिंगनिरपेक्ष रूप मानायचे? तीच स्त्री भूतकाळात ‘मी आले’ म्हणते की ‘मी आलो’? आईशी बोलताना आणि शाळेत बाईंशी बोलताना मुलगी तेच रूप वापरते का? लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या बहिणीच्या तोंडी ते टिकते का? या चार प्रश्नांपैकी एक प्रश्न, तुमच्या गल्लीतील दहा स्त्रिया आणि प्रत्येकीचे पंधरा मिनिटांचे बोलणे, एवढी सामग्री पहिल्या निबंधाला पुरेशी आहे.

दूरस्थ विद्यार्थ्याचे बळ नेमके येथे आहे. विद्यापीठातील संशोधकाला ज्या गावात शिरण्यासाठी ओळख काढावी लागते, त्या गावात तुम्ही राहता. त्याच्यासमोर माणसे सावरून, ‘शुद्ध’ बोलतात. तुमच्यासमोर नेहमीसारखी बोलतात. मात्र यासोबत एक जबाबदारी येते. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी प्रत्येक निवेदकाची संमती घ्या. शेजारणीचे बोलणे तिच्या नकळत भ्रमणध्वनीवर टिपून सभागृहात ऐकवणे हा विश्वासघात आहे, मग निबंध कितीही चांगला असो. निबंधात निवेदकांची खरी नावे देऊ नयेत. वय, शिक्षण आणि व्यवसाय एवढे पुरते.

४.३.३ गोषवारा

गोषवाऱ्यासाठी बहुधा अडीचशे ते तीनशे शब्दांची मर्यादा असते. त्यात मराठीची थोरवी, भाषेचे मानवी जीवनातील स्थान अशी वाक्ये आली, की शंभर शब्द तेथेच खर्ची पडतात. पहिल्याच वाक्यात प्रश्न सांगावा. नंतर सामग्री कोठून, कोणाकडून, किती घेतली ते सांगावे. मग काय आढळले ते. अजून काही आढळले नसेल तर काय तपासणार आहोत ते लिहावे; ‘निष्कर्ष निबंधात मांडले जातील’ हे वाक्य सर्वत्र आढळते आणि त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

टंकाविषयी एक व्यावहारिक सूचना. मराठी निबंध आजही कोठे युनिकोडमध्ये, तर कोठे श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत मागवले जातात. पत्रकात सांगितलेलाच टंक वापरावा आणि सोबत पीडीएफ प्रत अवश्य जोडावी. नाहीतर तुमचा ‘ळ’ समन्वयकांच्या संगणकावर भलतेच काही होऊन उमटतो. ध्वनिलिपीची चिन्हे वापरणाऱ्यांनी तर मुद्रित प्रतीशिवाय घराबाहेर पडू नये.

४.३.४ वेळ आणि वाचन

या मुद्द्यावर मी जरा अधिक थांबणार आहे, कारण तो मी स्वतःच्या फजितीतून शिकले.

माझा पहिला निबंध बारा मिनिटांचा होता. उद्घाटन सकाळी दहाला व्हायचे ते साडेअकराला झाले. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, परिचयकर्त्याचाही परिचय. बीजभाषण संपेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली. माझे सत्र दुपारचे होते; त्यात सात निबंध होते आणि हाती तीस मिनिटे उरली होती. सत्राध्यक्षांनी प्रत्येकाला चार मिनिटे दिली. मी बारा मिनिटांचा निबंध पहिल्या पानापासून, जमेल तितक्या वेगाने वाचू लागले. प्रास्ताविक संपले, पूर्वसंशोधनाचा आढावा संपत आला आणि घंटा वाजली. मी आठ महिने गावोगाव हिंडून जमवलेली सामग्री पाचव्या पानावर होती. ती कोणी ऐकलीच नाही. परतीच्या एस.टी.त मी आयोजकांना मनोमन पुष्कळ बोल लावले. ते सर्व बोल चुकीचे होते असे आजही मला वाटत नाही. परंतु पाचवे पान आधी वाचण्यापासून मला कोणीही अडवले नव्हते.

म्हणून निबंधाची तीन रूपे सोबत ठेवावीत. पहिले रूप दहा मिनिटांचे. मराठी गद्य श्रोत्यांना समजेल अशा गतीने वाचले, तर मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात, हा माझा अनुभव आहे. म्हणजे दहा मिनिटांत फार तर बाराशे शब्द. छापण्यासाठी लिहिलेला तीन हजार शब्दांचा निबंध जसाच्या तसा वाचायला नेऊ नये. दुसरे रूप पाच मिनिटांचे : प्रश्न, तीन उदाहरणे, निरीक्षण. तिसरे रूप दोन मिनिटांचे असावे आणि ते कागदाविना सांगता यावे. घरातील कोणाला तरी समोर बसवून, घड्याळ लावून ही तिन्ही मोठ्याने म्हणावीत. ऐकणाऱ्याला भाषाविज्ञान येत नसेल तर अधिक चांगले. तो जेथे जांभई देतो तेथे खूण करावी.

उदाहरणांचा एक पानाचा उतारा छायाप्रत करून श्रोत्यांत वाटावा. वेळ संपली तरी तो कागद लोकांच्या हाती राहतो. पडद्यावर दाखवायचे असेल तर अक्षरे मोठी ठेवा आणि पडद्यावरचेच वाचून दाखवू नका. वीज जाण्याची शक्यता गृहीत धरा.

स्व-अध्ययन प्रश्न – १

१. ‘आमच्या गावची बोली’ या विषयाचे दहा मिनिटांत मांडता येतील असे दोन लहान प्रश्न तयार करा.
२. चर्चासत्र आणि कार्यशाळा यांतील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.

४.३.५ ऐकणे, विचारणे, उत्तर देणे

प्रत्येक वक्त्यासाठी वहीचे एक पान राखून ठेवावे. त्यावर तीनच गोष्टी लिहाव्यात : तो काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो, आणि आपल्याला कोठे अडते. सगळे टिपण्याच्या प्रयत्नात ऐकणे राहून जाते. एकाच वेळी दोन सत्रे असतील तर मोठ्या नावामागे न जाता आपल्या विषयाला लागून असलेल्या सत्रात बसावे.

प्रश्न विचारणे हे एक कौशल्य आहे आणि आपल्याकडे ते विरळ आहे. प्रश्नोत्तरांच्या वेळी उठून पाच मिनिटे स्वतःचे मत सांगणारे एक गृहस्थ प्रत्येक चर्चासत्रात असतात. चांगला प्रश्न दोन वाक्यांत संपतो आणि बहुधा सामग्रीविषयी असतो.

एका चर्चासत्रातील प्रसंग सांगते. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, ‘डोळा’ऐवजी ‘डोया’, ‘काळा’ऐवजी ‘काया’ असे म्हणतात, हे तुम्ही यापूर्वी वाचलेच आहे. त्यावर एका प्राध्यापकांनी व्यवस्थित निबंध वाचला. मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. त्या आशा स्वयंसेविका होत्या आणि दूरस्थ शिक्षणातून पदवी घेत होत्या. त्यांनी विचारले, “सर, आमच्याकडली पोरं घरी ‘डोया’ म्हणतात आणि शाळेत ‘डोळा’. आपण ज्यांचं बोलणं घेतलं, त्यांचं वय काय होतं?” वक्त्यांनी कागद चाळले. त्यांचे सर्व निवेदक साठीच्या पुढचे होते. ‘वऱ्हाडी बोलणारे’ या एका शब्दाखाली त्यांनी केवळ वृद्धांची बोली मांडली होती आणि हे त्यांच्यासह कोणाच्याच लक्षात आले नव्हते. जेवणाच्या वेळी ते स्वतः ताट घेऊन त्या बाईंच्या शेजारी येऊन बसले, वही उघडून. त्या बाईंनी कोणताही ग्रंथ उद्धृत केला नव्हता. घरोघरी फिरताना कानांवर पडलेले त्यांनी सांगितले, एवढेच.

तुमच्यावर प्रश्न येईल तेव्हा तो पूर्ण ऐकून घ्या आणि लिहून घ्या. उत्तर माहीत असेल तर थोडक्यात द्या. माहीत नसेल तर ‘हे मी तपासलेले नाही, तपासून पाहीन’ असे म्हणावे. या वाक्याने कोणाचीही प्रतिष्ठा गेल्याचे मी पाहिलेले नाही. ओढूनताणून दिलेल्या उत्तराने मात्र पुष्कळांची गेलेली आहे. तुमच्या उच्चारावर कोणी हसले, तर ते हसणाऱ्याचे अज्ञान समजावे. भाषेच्या अभ्यासकाने बोलीला हसणे म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञाने गवताला हसण्यासारखे आहे.

४.३.६ चहापान

चर्चासत्राचा अर्धा लाभ सभागृहाबाहेर होतो. वयस्क विद्यार्थ्यांना येथे एक फायदा आहे, तो त्यांना स्वतःला ठाऊक नसतो. वीस वर्षांचा विद्यार्थी मोठ्या अभ्यासकासमोर बावरतो. तुम्ही मात्र बाजारसमितीत, तहसील कचेरीत, रुग्णालयात अनोळखी माणसांशी रोज बोलता. तेच येथे करायचे आहे. ‘सर, आपल्या निबंधातील अमुक उदाहरणाविषयी विचारायचे होते’ अशी सुरुवात करावी. ‘आपले भाषण फार छान झाले’ या वाक्यापुढे संभाषण सरकत नाही. स्वतःची ओळख करून देताना ‘मी फक्त बाहेरून बी.ए. करतो’ यातील ‘फक्त’ गाळावे. छायाचित्र काढून घ्यायला हरकत नाही, पण ते आधी नव्हे. आधी बोलणे व्हावे.

दिवसभरात एका अभ्यासकाशी आणि स्वतःसारख्याच एका विद्यार्थ्याशी नीट बोलणे झाले तरी पुरे. दुसऱ्याचे महत्त्व कमी लेखू नका. मोठे अभ्यासक तुम्हांला एखादे पुस्तक सुचवतील. पण रात्री नऊला दूरध्वनी करून ‘तुझे प्रकरण कुठवर आले?’ असे विचारणारा माणूस त्या दुसऱ्या प्रकारचाच असतो.

प्रमाणपत्रे बहुधा समारोपानंतर वाटतात आणि समारोप लांबतो. शेवटची गाडी चुकणार असेल, विशेषतः विद्यार्थिनींनी एकटे परतायचे असेल, तर सकाळी नोंदणीच्या वेळीच समन्वयकांना तसे सांगून ठेवावे. प्रमाणपत्र नंतर मागवता येते.

४.३.७ परतल्यावर

त्याच रात्री किंवा गाडीतच टिपणे वाचून पूर्ण करावीत. आठवड्याने स्वतःचेच अक्षर लागत नाही. ज्यांनी संदर्भ सुचवले त्यांना दोन ओळींचे पत्र पाठवावे. मिळालेल्या प्रश्नांच्या आधारे पंधरा दिवसांत निबंध सुधारावा. त्यानंतर तो कोठे द्यावा? मराठी अभ्यास परिषदेच्या ‘भाषा आणि जीवन’सारख्या, भाषाविषयक लेखन जाणकारांच्या नजरेखालून छापणाऱ्या नियतकालिकांचे जुने अंक आधी वाचावेत आणि आपला निबंध त्यांच्या पंक्तीत बसतो का ते प्रामाणिकपणे ठरवावे. आठ दिवसांत, काही हजार रुपये घेऊन, न वाचताच छापून देतो असे सांगणाऱ्याला निबंध देऊ नये. दुसऱ्याच्या निबंधातील उदाहरण वापरायचे असल्यास त्याचे नाव देऊन वापरावे, मग तो निबंध छापलेला नसला तरीही.

एक काम बहुतेक अभ्यासक विसरतात. ज्या दहा जणींनी तुम्हांला आपले बोलणे दिले, त्यांच्याकडे परत जा. त्यांच्या बोलण्यावर सभागृहात काय चर्चा झाली ते त्यांना सांगा. ‘अगं, आमच्या बोलण्यात असं काय आहे?’ असे त्या विचारतील, आणि त्याचे उत्तर देताना त्यांना समजेल अशा भाषेत तुम्हांला आपला निबंध पुन्हा मांडावा लागेल. तेव्हा वही जवळ ठेवा. अशाच एका बैठकीत एका आजींनी मला माझ्या निष्कर्षाला छेद देणारे उदाहरण सांगितले होते. ते सभागृहातील कोणालाही सुचले नव्हते.

स्व-अध्ययन प्रश्न – २

१. ‘हे मी तपासलेले नाही’ असे उत्तर देणे केव्हा योग्य ठरते? सोदाहरण लिहा.
२. वऱ्हाडीवरील निबंधात निवेदकांची निवड कशी करता आली असती, ते सांगा.

४.४ उपक्रम

१. तुमच्या बोलीतील एक वैशिष्ट्य निवडून त्यावर अडीचशे शब्दांचा गोषवारा लिहा आणि पुढील संपर्कसत्रात समंत्रकांना दाखवा.
२. त्याच विषयाचे दोन मिनिटांचे रूप कागदाविना घरातील एका व्यक्तीला सांगा. त्या व्यक्तीने विचारलेला पहिला प्रश्न जसाच्या तसा लिहून ठेवा.
३. जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला भेट देऊन येत्या वर्षातील चर्चासत्रांची चौकशी करा. संपर्कसत्रातील एखादा सहाध्यायी सोबत येत असल्यास दोघांची नावे एकदमच नोंदवा.